झुडपाखालची तीन रोपं

वाळवंटातल्या त्या संशोधन केंद्रावर सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी वीज पडून एक अख्खा उतार जळाला होता. तिथे खुंट्या-दोरीने आखलेल्या चौकटींत काय उगवलं, ते दर महिन्याला मोजून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. मोजायचं, पण हात लावायचा नाही, हा केंद्र चालवणाऱ्या मॅडमचा नियम. काकांनी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. घरी मात्र चहाचे कप मोजून बायकोचं डोकं खायचे.

आगीनंतर पहिल्या पावसाला गवत आलं. चार-पाच वर्षांनी काटेरी झुडपं आली. पण तिथला जुना, सावकाश वाढणारा वृक्ष काही परतायचं नाव घेईना, आणि मॅडमचा सगळा जीव त्याच्यात अडकलेला. मॅडमच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका झुडपाच्या पोटात काकांना त्याची बोटभर उंचीची तीन रोपं दिसली. भर उन्हात ते नाचायचेच बाकी राहिले.

मॅडम परगावी होत्या. फोनवर त्यांनी तीनतीनदा विचारून खात्री केली. "पंधरा दिवसांत येते. सांभाळा हं काका त्यांना."

काकांनी सांभाळलंच. काट्यांत कोंडलेली ती रोपं त्यांना बघवेनात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चौकटीत हात घातला आणि ते झुडूप बुडाशी छाटलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "आज पोरांना मोकळं केलं बघ."

सहाव्या दिवशी तिन्ही रोपं करपली. काकांनी पाणी घातलं, वर गोणपाट बांधलं, पण उपयोग शून्य. त्या झुडपाच्या सावलीनेच त्यांना जगवलं होतं, हे तेव्हा कळलं. शेजारच्या प्रत्येक झुडपाखाली त्यांनी वाकून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. त्यांना स्वतःच्या हातांची चीड आली.

"उन्हाने गेली म्हणून सांगा," बायको म्हणाली. "खोटं थोडंच आहे?"

काकांना ते घटकाभर पटलंही. पण मॅडम आल्या, त्या बुडख्यापाशी गुडघे टेकून बसल्या, आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "मीच तोडलं. म्हटलं, जरा ऊन मिळेल."

काका शिव्या खायच्या तयारीने उभे होते.

"झुडूप कशाला लागतं, हे मी गावोगाव व्याख्यानं देत सांगितलं, काका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तेवढं कधी सांगितलं नाही."