हायवेवरून वाचता येणारं अक्षर

२०१५ साली मी डहाणू रोडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करत होते. आशागडकडच्या काही पोरांना क्रिकेटच्या सामन्यांचा बॅनर हवा होता, धावत्या गाडीतून वाचता येईल असा. कॉम्प्युटरमधला एकही फॉन्ट त्यांना पटेना. शेवटी वैतागून मीच अक्षरं काढली. जाडजूड, कोपरे तोडलेली, गोलाई औषधालाही नाही. वेलांटी तर कोयत्यासारखी.

बॅनर लागला आणि मी अडकले. बारसं असो, ढाबा असो, वाढदिवस असो, प्रत्येकाला ‘तेच अक्षर’ हवं. एकदा श्रद्धांजलीही त्यातच झाली. फोटोतले आजोबा ओपनिंगला निघाल्यासारखे दिसत होते. मला हसू आलं आणि मग रडूही.

कारण तो फॉन्ट नव्हताच. लागेल ते अक्षर मी त्या वेळी काढायचे, जोडाक्षर आलं की नव्याने बसायचे. गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावाकडून गुजराती ऑर्डर आली की वरची रेघ कापून सगळं पुन्हा वाकवायचे. हे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, म्हणून मला सुट्टी नव्हती. वापीच्या एका खोके छापणाऱ्या कंपनीतून मुलाखतीला बोलावणं यायचं, आणि आमचे शेठ म्हणायचे, गणपती होऊ दे, मग जा. गणपती झाले की निवडणुका यायच्या. माणूस वाईट नव्हता, पण मला त्या दुकानात कोंडल्यासारखं व्हायचं.

मग मी ठरवलं, याचा पुरा फॉन्ट करायचा. अर्धी अक्षरं, मात्रा, आकडे, सगळं. इंटरनेटवर बघून शिकले, त्यात अख्खा पावसाळा गेला. ‘ळ’ने फार छळलं, गोलाईशिवाय तो उभाच राहीना. काम संपल्यावर शेठनी दोन बोटांनी दुकानाचं नाव टाइप केलं आणि खूश होऊन म्हणाले, “आता तू गेलीस तरी चालेल, बेटा.”

आमच्या धंद्यात कुणी काही स्वतःपाशी ठेवत नाही. देवांचे फोटो, फुलांच्या चौकटी, सगळं पेनड्राइव्हवरून या दुकानातून त्या दुकानात जातं. त्या दिवाळीत शेठनी फराळाबरोबर माझा फॉन्टही तलासरीपासून अच्छाडपर्यंत हायवेवरच्या दुकानांना वाटला. कौतुकानेच. मलाही छान वाटलं.

वापीला गेले तेव्हा वाटेत ढाब्यांवर, टायरवाल्यांच्या पाट्यांवर माझंच अक्षर दिसत होतं. मुलाखत घेणाऱ्यांनी माझे नमुने चाळले आणि बाजूला ठेवले.

“हा तर बाजारातला फॉन्ट आहे. हायवेवर पंक्चरवाल्याकडेही दिसतो. तुम्ही स्वतः काय केलंय ते दाखवा.”

हा मीच केलाय, मी म्हटलं. ते सभ्यपणे हसले. फॉन्टमध्ये माझं नाव कुठेच नव्हतं. आमच्याकडे कुणी घालत नाही, मलाही सुचलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये त्या पाट्यांकडे बघवेना. मी खिडकीकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्या खुर्चीत शेठ होते, बॅनर टाइप करत. काय झालं, त्यांनी विचारलं. नाही घेतलं, मी म्हटलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. चहा मागवला, खुर्ची रिकामी करून दिली. मग जरा अवघडून म्हणाले, “आता नुसतं टायपिंगच उरलंय ना, बेटा. पगार थोडा कमी धरू या.”

मी हो म्हटलं आणि बसले.