तिघींना चालेल असा खेळ

"हा पुढचा एक खेळते, मग बास. मला नाही जमत आता," असं माझी टिटवाळ्याची मैत्रीण म्हणाली, आणि नेमकी त्याच वेळी पुढचा खेळ निवडायची पाळी माझी होती. तेव्हापासून दीड महिना माझा जीव टांगणीला लागला होता. खेळ चांगला निघाला तर ती राहील, नाहीतर जाईल, आणि एकदा गेली की कायमचीच जाईल, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. वाईट तेवढं ठरवायला मला फारसा वेळ लागत नाही.

आम्ही तिघी शाळेपासूनच्या. डोंबिवलीच्या एकाच शाळेत दहा वर्षं एकमेकींच्या आगेमागे बसलो आणि आता पंचेचाळिशीला टेकलोय. मी अजून डोंबिवलीतच आहे, पूर्वेला एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. दुसरी लग्न होऊन ठाण्याला माजिवड्यात गेली. तिसरी ही. आई गेल्यावर हिने डोंबिवलीचं घर सोडलं, टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये नवव्या मजल्यावर घर घेतलं आणि आता घरूनच कंप्युटरवर विम्याचे कागद तपासते. एकटीच असते. तिच्या मजल्यावरचे चारपैकी दोन फ्लॅट अजून बंद आहेत.

आमचा खेळ म्हणजे नक्की काय, ते मी दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी दुपारी तीन वाजता आपापल्या घरी आम्ही कानाला हेडफोन लावून बसतो आणि पडद्यावर तलवारी-कुऱ्हाडी घेऊन दिसेल त्याला कापत सुटतो. सांगाडे, राक्षस, आग ओकणारे कुत्रे, काय वाटेल ते. तिघी एका बाजूला, एकमेकींना वाचवत. खेळात प्रत्येकीची एक लढणारी बाई असते आणि प्रत्येकीला आपल्या बाईचा भारी अभिमान असतो. लॉकडाउनमध्ये माजिवडेकरणीने हे खूळ आणलं. "अगं, दिवसभर घरच्यांची सरबराई करून झाल्यावर कुणाला तरी मारावंसं वाटतं की नाही?" असं तिने विचारलं होतं. आम्हाला वाटतच होतं.

खेळ कोणता, हे चिठ्ठीने ठरतं, भिशीत ठरतं तसंच. तीन चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. जिची निघेल तिने खेळ शोधून आणायचा, आणि तिघींची पाळी होईपर्यंत तिची चिठ्ठी परत डब्यात जात नाही. डबा माजिवडेकरणीकडे असतो आणि ती तो कॅमेऱ्यासमोर हलवते, कारण मी एकदा तिच्यावर संशय घेतला होता. या वेळी डब्यात माझी एकटीचीच चिठ्ठी उरली होती. तरी तिने डबा हलवला, चिठ्ठी उघडून दाखवली आणि म्हणाली, "बघ बाई, नंतर बोलू नकोस."

मला खरी बोचणी वेगळीच होती. त्याच्या दोन आठवडे आधी जुन्या खेळात आमची मोठी लढाई चालू होती. आम्ही दोघी मार खात होतो, आणि टिटवाळ्याच्या मैत्रिणीची बाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून नुसती उभी होती. हे तिचं बरेच दिवस चाललं होतं. ऐन वेळी ती जायची आणि कुठल्या तरी भिंतीसमोर उभी राहायची. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. "अगं, झोपलीस का? दर वेळी काय ती भिंत बघत बसतेस? खेळायचं नसेल तर सरळ सांग ना!" मी हेडफोनमध्ये ओरडले. ती "सॉरी" म्हणाली, धावत आली आणि अर्ध्या मिनिटात मेली. त्या रविवारपासून तिचं बोलणं कमी झालं आणि मग ते "मग बास" आलं. मी दोन्हीची गाठ मारली, आणि ती माझ्या हातून सुटेना.

मग मी खेळ शोधायला लागले. दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मोबाइलवर शोधायचं आणि औषध कंपन्यांनी दिलेल्या पॅडच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायचं. माझा जुना लॅपटॉप, माजिवड्याचा टीव्हीला जोडायचा कन्सोल आणि टिटवाळ्याचा चांगला कंप्युटर, या तिन्हींवर चालेल आणि एकमेकांना जोडला जाईल असा खेळ हवा होता. एक मिळाला तर तो दोघांचाच निघाला. एक चौघांचा होता, पण चौघांनी एकाच टीव्हीसमोर बसायचं. एकात आपली तलवार आपल्याच माणसाला लागत होती. तो मी लगेच खोडला, आमचा एकमेकींच्या नेमावर तेवढा भरवसा नव्हता. इंटरनेटवर अशा खेळांची चर्चा चालते तिथे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, की तिघांनी मिळून मारामारी करायला जादूटोण्याच्या दुनियेतला सोपा खेळ सुचवा. एकाने फार अगत्याने विचारलं, तुमचा मुलगा किती वर्षांचा आहे?

सापडलेल्या खेळांचे व्हिडिओ मी आमच्या ग्रुपवर टाकायचे. माजिवडेकरीण लगेच मत द्यायची, तेही लांबलचक. टिटवाळ्याहून एक अंगठा यायचा. त्या अंगठ्याकडे मी किती वेळ बघत बसायचे, ते सांगायची लाज वाटते. आधीच्या व्हिडिओला अंगठा दोन मिनिटांत आला होता, याला चार तास का लागले? तिने व्हिडिओ पूर्ण तरी बघितला का? गिऱ्हाईक समोर उभं राहून खोकल्याचं औषध मागत असायचं आणि मी अंगठ्याचा अर्थ लावत असायचे.

सरळ फोन करून विचारता आलं असतं. ते मला सुचलं नाही असं नाही, पण धीर झाला नाही. ती "हो, तुझ्यामुळेच" म्हणाली असती तर? त्यापेक्षा भारीतला भारी खेळ शोधणं बरं, असं वाटलं. तिला कंटाळा आलाय, म्हणजे तिला काहीतरी जबरदस्त दिलं पाहिजे, असा माझा हिशेब. शेवटी एक मिळाला. त्यात पंखांच्या प्राण्यावर बसून उडायचं, उडता उडता वार करायचे आणि कड्यावरून खाली झेप घ्यायची. पडदा असा गरगर फिरायचा की मीच खुर्चीत एका बाजूला झुकायचे. मला वाटलं, जिंकलो.

पहिल्या रविवारी सुरुवात छान झाली. "मस्त आहे गं," ती म्हणाली आणि माझ्या जिवात जीव आला. दहा मिनिटांनी तिने माइक बंद केला. वीस मिनिटांनी तिची बाई एका देवळात शिरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी मी तोंडातून ब्र काढला नाही. नुसती घाबरून तिच्या पाठीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ग्रुपवर तिचा मेसेज आला, "लाइट गेली. तुम्ही खेळा." माजिवडेकरीण म्हणाली, "टिटवाळ्याची लाइट ना, काय बोलणार." पण माझ्या मनात पाल चुकचुकली. लाइट गेली असती तर तिचा कंप्युटर बंद पडला असता आणि तिची बाई खेळातून नाहीशी झाली असती. ती तर तिथेच होती, भिंतीसमोर.

म्हणजे ती खोटं बोलत होती. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सोमवारी दुकानाला सुट्टी असते. सकाळी घरातलं आवरलं आणि न कळवताच निघाले. लोकलने शहाड स्टेशन सोडलं तेव्हा परत फिरावंसं वाटलं. ती मला दारातूनच "काय काम होतं?" विचारेल, हे वाक्य मी तिच्या आवाजात निदान दहा वेळा ऐकलं.

तिने दार उघडलं आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. सकाळचे साडेअकरा वाजले होते, पण डोळे अर्धवट मिटलेले, जीभ जड. "अगं, तू? कशी काय आलीस?" तिला मला बघून राग आला नव्हता. तिला उभंच राहवत नव्हतं. ती पाणी आणायला आत गेली आणि मी कंप्युटरच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. टेबलावर आवळा सुपारीची डबी होती. खाली एक बादली होती. आणि कीबोर्डला टेकून गोळ्यांची एक पट्टी, दहातल्या सात काढलेल्या.

ती पट्टी मी लांबून ओळखते. महाबळेश्वरला निघालेली माणसं माझ्याकडे तीच मागतात. घाटात गाडी लागू नये म्हणून प्रवासाआधी घ्यायची गोळी.

"ही कशाला?" मी विचारलं.

ती पाण्याचा ग्लास हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मला गाडी लागते ना. तसंच हेही लागतं. पडदा फिरला की पोटात ढवळायला लागतं. भिंतीकडे बघितलं की जरा थांबतं."

शाळेच्या सहलीला हिला कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवायचे, हातात लिंबू देऊन. लिंबू कधी कधी मीच आणलेलं असायचं. दिवसभर लोकांच्या उलट्या-मळमळीची औषधं देणारी बाई मी, आणि वर्षभर दर रविवारी मैत्रीण भिंतीकडे तोंड करून उभी राहते, तर मला तो रुसवा वाटला. मला माझीच भयंकर चीड आली. आणि ती चीड मी नेहमीप्रमाणे दुसऱ्यावर काढली.

"दर रविवारी गोळी? अगं, डोकं फिरलंय का तुझं? सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघीच खेळला असता. मला म्हणाला असता, तू आराम कर."

"मग आता खेळ का सोडतेस?"

"गोळीने सोमवार पूर्ण झोपेत जातो गं. मागच्या महिन्यात कामात दोन चुका झाल्या. साहेब बोलले." ती समोर बसली. "एक विचारू? खेळ सोडला तर फोन करशील?"

"म्हणजे काय? हा काय प्रश्न झाला?"

ती शांतपणे म्हणाली, "गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. तीन रविवार मी नव्हते. तुझा एक फोन आलेला. कधी येतेस विचारायला. त्या पुलावरचा राक्षस तुम्हा दोघींना मारता येत नव्हता."

"गोळ्यांचं वेळापत्रक पाठवलेलं मी. सकाळ-संध्याकाळचं, रंग करून." माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"हो, ते आहे अजून फ्रिजवर," ती म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. तिने खरंच जपून ठेवलं होतं. मी मान वळवून फ्रिजकडे बघितलं आणि तिथून नजर काढता येईना. मग तिने खिचडी टाकली, आम्ही जेवलो, ती कामाला बसली आणि मी निघाले. फोन करीन असं मी तीनदा म्हटलं. घरी या एकदा, असं आपण लोकांना म्हणतो, तसंच ते मला ऐकू येत होतं.

त्या आठवड्यात मी पॅडवरच्या साऱ्या याद्या फाडून पहिल्यापासून शोधलं. या वेळी एकच अट होती, पडदा हलता कामा नये. असे खेळ ढिगाने होते, जुन्याच प्रकारचे. छतातून खाली बघावं तसं सगळं वरून दिसतं, बाया बोटाएवढ्या, आणि बाकी कापाकापी तीच. मी ते आधी बाळबोध म्हणून सोडून दिले होते. माजिवडेकरणीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपण दोघी गाढव आहोत." तिने उडण्याच्या खेळाचं नावही परत काढलं नाही.

रविवारी टिटवाळ्याची मैत्रीण गोळी न घेता बसली. दर दहा मिनिटांनी मी विचारत होते, बरं वाटतंय ना? ढवळत नाहीये ना? शेवटी तीच वैतागून म्हणाली, "तू गप बसलीस तर बरं वाटेल. मागे बघ, मागे!" आणि माझ्या मागे आलेले पाच सांगाडे तिने एका फटक्यात उडवले. पाच वाजेपर्यंत खेळली. तिची बाई एकदाही भिंतीकडे गेली नाही. पुढच्या रविवारी येतेस का, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी काउंटरवर बसून फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. खेळाशिवाय तिच्याशी काय बोलायचं, हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांची ओळख, आणि विषय सुचत नव्हता. तरी लावला.

"बोल," ती म्हणाली. "रविवारचं काही बदललंय का?"

"नाही."

"मग? नवीन खेळ?"

"नाही गं. काही नाही. असंच केला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आता ती ठेवते म्हणेल, असं मला वाटलं.

"थांब हं, ठेवू नकोस," ती म्हणाली. "गॅस बंद करून येते."