कागद कोण वाचतं, आबा?

मंडळी, आज डोकं फिरलंय.

हिचे गुडघे गेलेत, दिव्याच्या बटणापर्यंत उठून जाववत नाही. म्हणून नुसतं बोलून दिवे लावणारा स्मार्ट हब घेतला. तो बसवायला बारामतीहून आमच्या निरवांगीला माणूस आला. तासभर झटला, पण हब काही वायफायला जोडला जाईना.

"आबा, निरवांगीचं नेटच भंगार हाय. आन् ह्या वयात तुमाला न्हाय जमायचं असलं!"

"राहू द्या, मी उठत जाईन," ही हळूच म्हणाली. तेच मला झोंबलं.

तो गेल्यावर खोक्यातला कागद काढला. शाळेत बाई कविता वाचून घ्यायच्या तसा वाचला, सावकाश, मोठ्यानं, दोनदा. चौथ्याच ओळीत छापलेलं: हा हब फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो. आणि तो शहाणा तासभर ५ गिगाहर्ट्झवाल्याला जोडत होता! फोनमध्ये आमच्या वायफायची दोन्ही नावं शेजारीशेजारी होती. मी २.४ वालं निवडलं, दोन मिनिटांत जोडला. ही बसल्या जागेवरून म्हणाली, "दिवा लाव." लागला.

त्याला फोन केला, तर हसून म्हणतो, "कागद कोण वाचतं, आबा?"

सांगा मंडळी, जो चार ओळी वाचत नाही, त्यानं आमचं वय का काढावं?