प्रवीण वासनिकची पाचवी शर्यत

नागपूरला पोस्टिंग आली तेव्हा माझी सोळा वर्षं सर्व्हिस झाली होती. रँक हवालदार. युनिटचं नाव लिहीत नाही, कारण तिथे चांगली माणसं पुष्कळ होती. आमचे कंपनी कमांडर असलेल्या मेजरसाहेबांचं नावही लिहीत नाही. त्याचं कारण वेगळं आहे. ते नाव मला तोंडात घ्यायचं नाही.

माझ्याकडे दोन कामं होती. सकाळी कंपनीची पीटी, संध्याकाळी ॲथलेटिक्स टीम. पीटीचं फॉल-इन साडेपाचला. संध्याकाळी साडेपाच ते सात ट्रॅकवर. तरुणपणी मी स्वतः चारशे मीटर धावायचो. गुडघा गेला आणि हातात शिट्टी, स्टॉपवॉच आलं.

टीममध्ये नाईक प्रवीण वासनिक होता. खाप्याचा. माझं गावही सावनेर तालुक्यातलंच, त्यामुळे परेडवर हिंदी आणि दोघंच असलो की आपली बोली. वय एकोणतीस. घरी आई, बायको संगीता आणि चार वर्षांची मुलगी आर्या. तो मला उस्ताद म्हणायचा. टीममधला सगळ्यात चांगला धावपटू तोच होता. त्याची शर्यत आठशे मीटर.

ज्यांनी कधी ट्रॅक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शंभर-दोनशेवाल्याची सगळी ताकद पहिल्या काही सेकंदांत लागते. पाच-दहा हजारवाल्याला श्वास पुरवून वापरावा लागतो. आठशेवाला या दोघांच्या मधला. त्याच्याकडे थोडा वेगही असतो आणि थोडा दमही. म्हणून तो खाली चारशेला उतरू शकतो आणि वर पंधराशेला चढू शकतो. एखादाच असा निघतो की पाच हजारलाही टिकतो. प्रवीण तसा होता. चारशे एकोणपन्नास सेकंदांत. आठशे एक मिनिट बावन्न. पाच हजार साडेपंधरा मिनिटांच्या आत. पण ही पोहोच अख्ख्या सीझनची असते. आज चारशे, महिन्याभराने पाच हजार. तीन दिवसांत सगळं, असा तिचा अर्थ नसतो. हे मला माहीत होतं.

त्या वर्षी इंटर-कंपनी चॅम्पियनशिप फेब्रुवारीऐवजी मे महिन्यात आली. थंडीत युनिट एक्सरसाइजवर होतं. पुढे ढकलता आली असती, पण मेजरसाहेबांची बदली जूनमध्ये होती आणि जाण्याआधी त्यांना ट्रॉफी हवी होती. एप्रिलमध्ये त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"ढोबळे, पॉइंट कहाँ से आएँगे?"

मी म्हणालो, "साहेब, वासनिक को चारसौ से पाँच हजार तक कहीं भी लगा दो."

हे वाक्य माझं आहे. छाती फुगवून बोललो होतो. माझ्या तयार केलेल्या पोराचं कौतुक साहेबांपुढे करायला मला आवडलं. मेजरसाहेबांनी कागद ओढला आणि पाच इव्हेंटसमोर प्रवीणचं नाव लिहिलं. चारशे, आठशे, पंधराशे, चार गुणिले चारशे रिले. पाच हजारला रिझर्व्ह.

बाहेर आल्यावर प्रवीणला सांगितलं. तो हसला.

"उस्ताद, मले एकट्यालेच पाठवा नं मंग. बाकीचे काहून येऊन राहिले?"

कार्यक्रम चार दिवसांचा ठरला. सगळ्या शर्यती सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. पाच हजार चौथ्या दिवशी सकाळी पावणेसहाला. मेमध्ये नागपूर चव्वेचाळीसच्या वर जातं. तेवढी अक्कल कार्यक्रम ठरवणाऱ्याला होती.

पहिल्या दिवशी प्रवीणने चारशेची आणि आठशेची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चारशे फायनल, दुसरा. संध्याकाळी आठशे फायनल, पहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला पंधराशे, पहिला. साडेसातला रिले. शेवटचा लॅप त्याचा. तिसऱ्या नंबरवर बॅटन मिळालं, पहिल्या नंबरवर आणलं. आमची कंपनी दोन पॉइंटांनी मागे होती. उरलेली शर्यत एकच.

साडेनऊला दोन बातम्या आल्या. आमच्या पाच हजारवाल्या लान्सनाईकचा पाय मुरगळला. आणि चीफ गेस्टना दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने जायचं होतं, म्हणून पाच हजार आजच. वेळ दुपारी चार. बक्षीस समारंभ पावणेपाचला.

मी मेजरसाहेबांकडे गेलो. "साहेब, चार बजे बहुत गर्मी है. वासनिक सुबह दो रेस दौड़ चुका है."

"तुम्हीं ने कहा था ना, कहीं भी लगा दो?"

मी सॅल्यूट करून मागे फिरलो.

तीन वाजून वीस मिनिटांनी वॉर्म-अपला बोलावलं. ग्राउंडच्या एका बाजूला शामियाना. त्यात कूलर, सोफे, पाहुण्यांच्या मिसेस. दुसऱ्या बाजूला मेडिकल टेंट. तिथे एक मोठा टब आणि चार लाद्या बर्फ सकाळी माझ्यासमोर ठेवला होता. धावणारा कोणी तापला तर त्याला टबात घालण्यासाठी. नर्सिंग असिस्टंटला मी स्वतः सांगितलं होतं.

पावणेचारला प्रवीण माझ्याजवळ आला. बनियन कोरडं. एवढ्या उन्हात वॉर्म-अप करून बनियन कोरडं. हातावर काटा आलेला.

"उस्ताद, मले थंडी वाजून राहिली."

"पाणी पिला का?"

"पिलो. उलटून पडलं."

उन्हात थंडी वाजणं म्हणजे काय, हे कोर्सवर शिकवलं होतं. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण मार्क मिळाले होते. मी मेजरसाहेबांकडे धावत गेलो.

"साहेब, लड़के की तबियत ठीक नहीं. ठंड लग रही है बोलता है. बैठाना पड़ेगा."

ते शामियान्याकडे बघत होते. म्हणाले, "बारह चक्कर की बात है. जवान है. दौड़ाओ."

मी म्हणालो, "जी साहेब."

परत येऊन प्रवीणला सांगितलं, "आरामात धाव गा. तिसरा आला तरी चालते."

"होय, उस्ताद."

त्याने वाद घातला नाही. माझं ऐकायची त्याला सवय होती. ती सवय मीच लावली होती.

चारला शर्यत सुटली. पहिले सात लॅप तो दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर. आठव्यात मान एका बाजूला गेली. नवव्यात तो लेन सोडून आत-बाहेर व्हायला लागला. मी ट्रॅकच्या कडेला जाऊन हात वर केला. थांब.

मागून मेजरसाहेबांचा आवाज आला. "हाथ नीचे, ढोबळे. थर्ड पे है. पॉइंट मिलेगा."

मी हात खाली घेतला.

चार वाजून चौदा मिनिटं. अकरावा लॅप, दूरचा टर्न. प्रवीण पडला. उठला, उलट दिशेला चार पावलं धावला, परत पडला.

मी पोचलो तेव्हा डोळे उघडे होते, पण त्याने मला ओळखलं नाही. अंग तव्यासारखं. घामाचा थेंब नाही. दोघांनी उचलून मेडिकल टेंटमध्ये आणलं. टब होता. पाणी होतं, कोमट. बर्फ नव्हता.

"बर्फ कुठाय?"

नर्सिंग असिस्टंटचा चेहरा पांढरा पडला. "साडेतीनला मेसवाले घेऊन गेले. शरबतासाठी."

मी वॉकी-टॉकी घेतला. "कंट्रोल, ट्रॅक. हीट स्ट्रोक केस. ॲम्ब्युलन्स अंदर भेजो, तुरंत. ओव्हर."

"ट्रॅक, कंट्रोल. वेट. गेट पे व्हीआयपी गाड़ियाँ लग रही हैं. ओव्हर."

"कंट्रोल, आदमी मर रहा है. ओव्हर."

"ट्रॅक, वेट. आउट."

मी शामियान्याकडे पळालो. मागच्या टेबलावर स्टीलची दोन पिंपं. एकात कैरीचं पन्हं, एकात ताक. दोन्हींत आमचा बर्फ फोडून टाकलेला. मेसचा हवालदार पिंपापुढे उभा राहिला.

"अभी सर्व्ह नहीं हुआ है. साहब को पूछना पड़ेगा."

मी त्याला ढकललं. दोन पोरांनी पन्ह्याचं पिंप उचललं. तेच प्रवीणच्या अंगावर ओतलं. पिंपातले बर्फाचे तुकडे हाताने काढून काखेत, मानेला, जांघेत धरले. मागे पाहुणे खुर्च्यांवरून माना वळवून बघत होते. एका बाईने नाकाला रुमाल लावला.

ॲम्ब्युलन्स चार चौतीसला आत आली. वीस मिनिटं. ती गेटपासून तीनशे मीटरवर उभी होती. प्रवीणला तेवढं अंतर चाळीस सेकंदांचं होतं.

मी स्ट्रेचरबरोबर बसलो. गाडी गेटमधून बाहेर पडत असताना लाऊडस्पीकरवर बक्षीस समारंभ सुरू झाल्याचं ऐकू आलं. प्रवीणच्या अंगाला कैरी आणि वेलचीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो गेला. मूत्रपिंड आणि लिव्हर निकामी, असं डॉक्टरांनी सांगितलं. शुद्धीवर आलाच नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. त्याआधी मेजरसाहेबांनी बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. माझा जबाब. त्यात एक ओळ होती: जवानाने शर्यतीपूर्वी कोणतीही तक्रार केली नाही. दुसरी ओळ: सूचना असूनही जवान पुरेसं पाणी प्यायला नाही.

"जो चला गया वो तो वापस नहीं आएगा," ते म्हणाले. "तुम्हारा नायब सूबेदार का प्रमोशन बोर्ड है ना?"

मी सही केली. पेन त्यांचाच होता. सही नेहमीसारखी नीट आली. पुढे अनेक वर्षं मला याचीच सगळ्यात जास्त किळस वाटली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी खाप्याला गेलो. अंगणात मांडव, भंतेजींची वंदना झालेली. प्रवीणचा युनिफॉर्ममधला फोटो पांढऱ्या कपड्यावर. संगीताने मला बाजूला बोलावलं. तिच्या हातात युनिटकडून आलेलं पत्र होतं.

"भाऊजी, याच्यात लिहून आहे का त्यायनं काहीच सांगितलं नाही. पाणीबी नाही पिलं म्हणे. घरी डोकं दुखलं तरी मले सांगत होते ते. तुमाले काहून नाही सांगितलं?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. "सांगितलं होतं, वहिनी."

"मंग?"

"मंग मी त्याले पळवलं."

तिने पत्राची घडी घातली आणि आत गेली. थोड्या वेळाने प्रवीणची आई बाहेर आली आणि म्हणाली, "जेवून जा, बापू. लांबून आला." मला तिथे पाणीही घेता आलं नाही. सावनेरच्या बसमध्ये मी मागच्या सीटवर बसलो.

दुसऱ्या दिवशी इन्क्वायरीच्या अध्यक्षांपुढे उभा राहिलो. ते दुसऱ्या युनिटचे लेफ्टनंट कर्नल होते.

"पहला बयान झूठा था?"

"जी साहेब."

"जानते हो इसका मतलब?"

"जी साहेब."

त्यांनी क्लार्कला नवीन कागद लावायला सांगितला. दीड तास लागला. थंडी, उलटी, खाली घेतलेला हात, बर्फ, गेट. एप्रिलमधलं माझं वाक्यही सांगितलं. संध्याकाळी नर्सिंग असिस्टंट स्वतःहून गेला आणि त्याने बर्फाचं सगळं लिहून दिलं.

निकालातून 'जवानाचा निष्काळजीपणा' हे शब्द वगळले गेले. ड्यूटीवर मृत्यू, असं आलं. संगीताला त्याप्रमाणे जे मिळायचं ते मिळालं. मेजरसाहेबांना लेखी समज मिळाली. तीन वर्षांनी त्यांचं प्रमोशन झालं. ट्रॉफी हातात घेतलेला त्यांचा फोटो मी कंपनी ऑफिसात रोज बघत होतो. पाच हजारचा पॉइंट न मिळताही ट्रॉफी आम्हालाच आली होती, कारण पुढच्या कंपनीचा आधीच्या एका शर्यतीतला रनर नंतर बाद ठरला. त्या शर्यतीची गरजच नव्हती. मी हवालदार म्हणूनच चोवीस वर्षांनी रिटायर झालो. खोटा पहिला जबाब माझ्या रेकॉर्डवर आहे आणि तो तिथे असावा, असंच मला वाटतं.

आता नागपुरात एका मैदानावर मुलांना धावायला शिकवतो. शाळांचे क्रीडाशिक्षक येतात, आईवडील येतात. परवा एक गृहस्थ म्हणाले, "सर, पोरगी दोनशेही मारते, तीन हजारही मारते. जिल्ह्याले पाचही इव्हेंटमंदी टाकून द्या नं. सर्टिफिकेटं जमतील." मी म्हणालो, दोन. ते म्हणाले, फौजी असून एवढं काय घाबरता? मुलगी बाजूला उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. मी दुसरीकडे तोंड करून मुलांचे लॅप मोजायला लागलो.

आर्या आता अठरा वर्षांची आहे. नागपुरातच, सदरमध्ये मावशीकडे राहून कॉलेज करते. कधीकधी रविवारी सकाळी मैदानावर येते. तिला सगळं माहीत आहे. संगीताने माझ्या समोरच सांगितलं होतं, एकही गोष्ट न गाळता. तरी मुलगी येते. मी तिला कधी कारण विचारलं नाही.

गेल्या महिन्यात ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती.

"काका, बाबा कसे पळत होते हे समदेच सांगतात. चालत कसे होते?"

मला हे कोणी विचारलं नव्हतं.

"हळू," मी म्हणालो. "लय हळू. मेसमध्ये सगळ्यात शेवटी येई. चपला घासत. रस्त्यात जो भेटेल त्याच्याशी बोले. स्वयंपाक्याशी, माळ्याशी, पहाऱ्यावरच्या संत्रीशी. आम्ही ताटं घेऊन बसून राहू आणि तो तिकडे कोणाच्या तरी पोराची शाळा कशी चालू आहे ते विचारत उभा."

"मंग तुम्ही रागावत नव्हते?"

"रागावत होतो ना. रोज. तो म्हणे, उस्ताद, आलोच."

आर्या हसली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नाईक प्रवीण वासनिक. राहणार खापा. माझ्या टीमचा. त्याला कशाचीच घाई नव्हती.