चौदा मीटर वायर

विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं त्या दिवशी सकाळी साडेनऊला आमच्या सोसायटीची वीज बंद केली. बाबांचं ऑक्सिजन मशीन थांबलं. त्यांची फुप्फुसं दुबळी झाली आहेत; मशीनशिवाय तासभरही निघत नाही. घरातला ऑक्सिजनचा एकमेव सिलिंडर लावला. काटा बघून हिशेब केला : पन्नास मिनिटं. गेटबाहेर मांडीपर्यंत पाणी होतं, म्हणजे दुसरा सिलिंडर येणार नव्हता.

मला फारशी काळजी वाटली नाही. गाडीच्या बॅटरीवर चालणारा सहाशे वॅटचा इन्व्हर्टर मी आधीच आणून ठेवला होता. मशीन साडेतीनशे वॅटचं. गाडी उंच पोर्चपाशी, टाकीत वीस लिटर पेट्रोल. इन्व्हर्टर पावसापासून सुरक्षित राहावा म्हणून वर बाबांच्या खोलीत ठेवला होता आणि बॅटरीपासून तिथपर्यंत चौदा मीटर वायर स्वतः ओढली होती. चाचणीही घेतली होती, टेबल फॅन लावून. झकास फिरला होता.

इंजिन सुरू करून वर आलो, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, इन्व्हर्टर किंचाळला, दोन्ही बंद. खाली जाऊन बॅटरीवरचे चिमटे घट्ट केले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. यात वीस मिनिटं गेली.

"अहो, ऑक्सिजनची धार थोडी कमी करू का? सिलिंडर जास्त पुरेल," बायको म्हणाली.

केली. बाबांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा ब्याण्णववरून सत्त्याऐंशीवर आला. ओठ निळसर दिसू लागले. धार पुन्हा वाढवली.

मी गॅलरीतून समोरच्या काकांना हाक मारली. गोरव्याला त्यांचं मोटारी दुरुस्त करण्याचं वर्कशॉप आहे. ते पाण्यातून आले आणि जिन्यातली वायर बघून तिथेच थांबले.

"अरे भाई, हे डबडं वर कशाला चढवलं? बारा व्होल्टची वायर इतकी लांब नेतात? तुझे अर्धे व्होल्ट जिन्यातच बसले!"

"पण काका, पंखा चालला होता."

"पंखा पन्नास वॅटचा. हे मशीन म्हणजे सात पंखे. अँपिअर किती, काढलेस?"

काढले नव्हते. साडेतीनशे भागिले बारा, एकोणतीस. घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट मी वहीत लिहून ठेवले आहेत. हा एक भागाकार केला नव्हता.

"डबडं गाडीजवळ ठेव. लांब वायर त्याच्या पुढे लाव, दोनशे तीस व्होल्टची; तिथे अँपिअर दीडच. माझा लांब वायरचा बोर्ड आणतो."

इन्व्हर्टरबरोबर आलेली जाड, हातभर वायर मी आखूड म्हणून खोक्यातच ठेवली होती. खोकं माळ्यावर. स्टुलावर चढून तीन खोकी खाली टाकली, चौथ्यात ती मिळाली. पोर्चमधल्या खुर्चीवर इन्व्हर्टर ठेवला, चिमटे लावले. काका बोर्डाची वायर जिन्यातून वर नेत होते.

"अहो, काटा लाल पट्ट्यात गेला!" वरून आवाज आला.

मशीन बोर्डाला लावल्याचं काकांनी वरून सांगितलं. "आता दाब बटण," मी ओरडलो.

मशीन घुरघुरलं. इन्व्हर्टर गप्प राहिला. वर पोहोचलो तेव्हा मशीन चालू होतं. सिलिंडर बंद करताना त्यात जेमतेम सहा मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. आकडा एकोणनव्वद, मग नव्वद. मी तिथेच उभा राहून बघत होतो.

"आकडा मी सांभाळतो," बाबा नळीआडून म्हणाले, "तू काकांना चहा विचार."

"गॅसवर, हां!" काका म्हणाले. "या बोर्डावर किटली लावलीस तर मी परत येणार नाही."