कवळीआत्याचं स्वतःचं कार्ड

कवळीआत्याचं परदेशात कुणीतरी आहे, अशी कुजबुज आमच्या गल्लीत एकेकाळी होती. कुजबुज कसली, दवंडीच! आणि ती पिटली खुद्द तिच्या वहिनीने, "कुणाला सांगू नका हं" असं प्रत्येकाला बजावून.

आत्या कवळ्या बनवायची. दंतवैद्य जबड्यांचे साचे पाठवायचे आणि ही मागच्या खोलीत दिव्याखाली एकेक दात मेणात बसवायची. कुणाला पांढराशुभ्र, कुणाला जरा चहाच्या रंगाकडे झुकलेला. गल्लीतले निम्मे म्हातारे तिच्याच दातांनी तिच्याबद्दल चघळत होते.

पुरावा होता मोबाईलवर. आत्याकडचं कार्ड भावाच्या खात्यावरचं, जोडकार्ड. खर्च तिचा, बिल भरायची तीच, पण मेसेज वाजायचा दादाच्या खिशात. मधूनमधून परदेशातला खर्च, आणि समोर चक्क एका पुरुषाचं नाव!

एका संध्याकाळी दोघं नवराबायको तिच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"हा कोण?" दादाने मोबाईल पुढे केला.

"पैसे माझे आहेत ना?"

"कार्ड माझं आहे."

"मग माझं आलं की घेऊन जा परत."

"वन्सं, लपवण्यासारखं नसेल तर सांगून टाका की," वहिनी गोडीगुलाबीने म्हणाली.

"वहिनी, असं विचारल्यावर तर मुळीच नाही सांगणार."

एका वाक्यात मिटलं असतं हो प्रकरण! पण तिने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. आता स्वतःचं कार्ड मिळालं नाही तर एक तर काम बंद, नाहीतर दादापुढे जबानी.

पहिल्या बँकेतल्या टायवाल्याने सोनेरी कार्ड पुढे सरकवलं. "मॅडम, यावर विमानतळाची लाउंज फुकट!"

"तिथे बसून काय करू? प्रवाशांचे दात मोजू? वर्षाची फी सांगा. परदेशातल्या खर्चावर वरून किती कापता, तेही सांगा."

तो खाकरत बोलला. आकडे ऐकून आत्याने पर्स उचलली.

"शिवाय पगाराची स्लिप नसेल तर मिस्टरांची सही लागेल. नाहीतर भावाची."

"मिस्टर नाहीत. आणि भावाची सही चालली असती, तर तुमचं तोंड बघायला आले नसते."

आणखी दोन बँकांच्या पायऱ्या झिजवून शेवटी एका लहानशा बँकेत जमलं. तिच्याच खात्यावरचं साधं डेबिट कार्ड. वर्षाची फी नाही, देशात वापरा की परदेशात, वरून कापणं नाही, कुणाची सही नाही.

"दिसायला जरा मळकट आहे," काउंटरवरची पोरगी ओशाळून म्हणाली.

"मला ते तोंडात बसवायचंय का? मेसेज कुणाकडे जाणार?"

"तुमच्याकडेच."

"फक्त?"

"फक्त."

घरी येऊन आत्याने दादाला हाक मारली. कवळी कापायच्या मशीनची चकती गरगर फिरत होती. दादाचं कार्ड तिने त्याच्या देखत त्यावर धरलं आणि दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"वहिनींना विचार. लोकांना काय म्हणायचं ते त्याच सांगतात."

खुलासा तिने पुढेही कधी केला नाही. दादाने दोनदा विचारलं, वहिनीने दहादा. ही मेण तापवत बसली.

ते नाव परदेशातल्या एका दातांच्या कारखान्याचं होतं. आत्या तिथून निरनिराळ्या छटांचे दात मागवायची. कारखाना काढणाऱ्याने त्याला स्वतःचं नाव दिलं होतं, आणि तो आत्याच्या जन्माआधीच वारला होता.