फाट्यावर थांबलेली एसटी

रहिमतपूरच्या मुलींच्या एका खासगी शाळेत मी शिकवते. औंधहून सकाळची एसटी धरते, तिच्यावर कंडक्टर एक बाई आहे. खाकी ड्रेस, घट्ट वेणी, कानामागे पेन. शाळेच्या मुली चढल्या की ती पास नंतर बघते, आधी चेहरे बघते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

दहावीच्या गणिताच्या पेपरादिवशी वाटेतल्या फाट्यावर तीन मुली चढल्या, तरी तिनं घंटी दिली नाही. खाली उतरून ती उसाच्या बांधाकडे बघत उभी राहिली.

"अजून एक पोरगी यायची हाय," ती म्हणाली.

पाच मिनिटं गेली. मागचे एक आजोबा वैतागले, "आवं बाई, गाडीला उशीर झाला तर उत्तर कोन देनार?"

"डेपोत उत्तर मी देते, आजोबा. तिला पेपरात द्यायचंय, तिला आधी पोचू द्या."

मीसुद्धा घड्याळ बघून चुळबुळत होते.

तेवढ्यात बांधावरून एक मुलगी धावत आली. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"पाटाचं पानी वाटंवर आलंय, ताई," ती धापा टाकत म्हणाली.

कंडक्टरबाईनं तिला स्वतःच्या सीटवर बसवलं, आपली पाण्याची बाटली हातात दिली आणि मगच दोनदा घंटी ओढली.

मुलीचा चेहरा मला तेव्हा नीट दिसला. ती माझ्याच वर्गातली होती. वर्षभर तिची हजेरी मी घेत होते, आणि ती गाडीत नाही हे त्या बाईला कळलं होतं.